बोटभर ढिली

"डावी बाजू बोटभर ढिली ठेवा," साळूबाई म्हणाली आणि खणाची घडी पायमशीनवर ठेवली. घडीवर मापाची चोळी होती.

कृपाबाईच्या घरात फितीनं माप घेत नसत. मिरजगावच्या बाया अंगावरची जुनी चोळी आणून द्यायच्या, नवी घेऊन जायच्या, जुनी तिथंच गोधडीसाठी टाकायच्या. सगळ्या गावाची अंगं कृपाबाईच्या ट्रंकेत घडी होऊन पडलेली.

साळूबाईची थोरली जाऊ, आक्काबाई, उंबऱ्यावर टेकली. "वरमाय दिसली पायजे हो. इहीणबाई राशीनची हाय, नाकानं कांदे सोलती. नाव ठेवाया जागा ऱ्हाऊ नका देऊ."

"लगीन कवाचं?"

"बारा दिस ऱ्हायले," साळूबाई म्हणाली. हळदीचं गाणं ओठांवर घेऊनच ती आली होती.

कृपाबाईनं मापाची चोळी उलटी केली, शिवण बघितली. मग उठली, ट्रंक उघडली, खाली-वर करून दोन चोळ्या काढल्या. एक मागच्या आखितीच्या सणाला आलेली, एक दिवाळीला. तिन्ही चोळ्या तिनं जमिनीवर एकावर एक पसरल्या आणि उजव्या बाजू नीट जुळवल्या. उजवीवर उजवी बसली. डावीकडं आखितीच्या चोळीखालून दिवाळीची बोटभर बाहेर आली, दिवाळीच्या खालून आताची आणखी बोटभर.

त्या वाढत्या कडेवर तिनं बोट ठेवलं.

"कवापासनं हाय गं?" कृपाबाईनं विचारलं.

"काय?"

"साळू, मी चोळ्या शिवती. मला काय इचारतीस?"

साळूबाईनं पदर पुढं ओढला. "दुधाची गाठ हाय."

"धाकटा केवढा हाय?"

"तिसरीत."

"मग दूध कुनाला पाजतीस, मास्तरला?"

आक्काबाईला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं. "मढीच्या कानिफनाथाचा दोरा बांधलाय की तिला. दुखत बी न्हाई, खुपत बी न्हाई."

"दुखलं असतं तर बोलले नसते व्हय?" साळूबाई म्हणाली.

"माझी ननंद अशीच म्हनायची." कृपाबाई खाली बसली. "मेरी. चार डाव मी तिची चोळी ढिली केली. दुखत न्हाई म्हनली, मीबी गप शिवली. पाचव्या डावाला माप आलंच न्हाई. नगरची डाक्टरीनबाई मला म्हनली, हरभऱ्याएवढी हुती तवाच आनायची हुती, काढून टाकली असती. आता हात लावाया जागा ऱ्हायली न्हाई."

मशीनच्या चाकावर माशी बसली होती. ती उडाली, परत बसली.

"तुज्या बी दोन मी मुकाट शिवल्या," कृपाबाई म्हणाली. "तिसरी शिवनार न्हाई."

"लगीन होऊ द्या. मग जाते की."

"आन मग सोळावा दिस. मग सुनेला आनाया मूळ. मग पेरन्या."

"शुभकार्याच्या तोंडावर दवाखान्याचं नाव काढू नका बया," आक्काबाई म्हणाली.

साळूबाईनं हात पुढं केला. "खण द्या माघारी. दुसरीकडं शिवून घेईन."

कृपाबाईनं खण उचलून तिच्या हातात दिला. "घे. पर जिथं जाशील तिथं हेच सांगावं लागंल, डावी ढिली ठेवा म्हनून. कर्जतच्या शिंप्याला सांगशील? बाप्या मानूस हाय तो."

साळूबाई खण हातात घेऊन उभी राहिली. तिचा दुसरा हात पदराखाली गेला. रोज आंघोळीच्या वेळी गुपचूप जायचा तसा गेला आणि तिथंच थांबला.

"केवढी हाय?" कृपाबाईनं हळू विचारलं.

"आखितीला हरभऱ्याएवढी हुती." ती जमिनीवरच्या चोळ्यांकडं बघत होती. "आता सुपारीएवढी."

आक्काबाई उंबऱ्यावरून उठली. जावेकडं तिनं बघितलं नाही. तिन्ही चोळ्या वाकून उचलल्या, एकात एक घडी केल्या आणि काखेत मारल्या.

"नगरची पयली यष्टी कवाची?" तिनं विचारलं.

"सातची. डाक्टरीनबाई बाईच हाय. पडद्याआड तपासती. माजं नाव सांगा."

"आन ह्या दावते तिला," आक्काबाई काखेतल्या चोळ्या दाबत म्हणाली. "ही तिथं बी दुधाचीच म्हनंल."

साळूबाईनं खण परत मशीनवर ठेवला, हातानं त्याची घडी सारखी केली. "बारा दिसांत हुईल का चोळी?"

"हुईल की."

"मग डावीचं माप?"

"डावी केवढी ठेवायची, ते डाक्टरीनबाईला इचारून ये."

दोघी जावा बोळातून गेल्या. पुढं आक्काबाई, मागं साळूबाई. हळदीचं गाणं कुणीच म्हणत नव्हतं.

कृपाबाईनं खण उलगडला. आता समोर माप नव्हतं, पण उजवी बाजू तिला पाठ होती. खडूनं रेघ मारून तिनं उजवी कापली आणि दिवस मावळायच्या आत शिवून खुंटीला अडकवली. डाव्या बाजूचं कापड तिनं हातावर घेतलं, थोडा वेळ धरलं, आणि कात्री न लावता ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवलं.