बाईकचे गुडघे

साउथ डकोटातल्या बाईकवाल्यांच्या मेळ्याला मी चाळीस वर्षं आठशे मैल बाईक चालवतच गेलो. कुणी ती गाडीमागच्या ट्रेलरवर घालून आणली की त्याला मी सोडायचो नाही. मित्राला, ड्वेनला, एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय रे, तुझ्या बाईकचे गुडघे दुखतात का?" त्यानंतर त्याचा ट्रेलर मेळ्यात कधी दिसला नाही.

यंदा माझेच गुडघे गेले. जुन्या पलंगाचे लोखंडी अँगल आणि भंगारातल्या चाकांची जोडी घेऊन, शेडचं दार लावून, मी गुपचूप ट्रेलर जोडला. मेळ्याच्या पाच मैल अलीकडे, पेट्रोल पंपाच्या मागे बाईक उतरवायची आणि ऐटीत चालवत आत शिरायचं, असा बेत होता.

घरी चढवताना जावयानं हात लावला होता. इथे पंपामागे तीनशे किलोंचं धूड घेऊन मी एकटाच, ट्रेलरवरून उतरवायच्या फळीवर. अर्ध्यात ब्रेक दाबून उभा राहिलो. खाली येववेना, वर जाववेना.

"सोडू नकोस, धरलीय मी," मागून आवाज आला. ड्वेनचा.

बाईक खाली आली. माझी मान काही वर होईना.

"बोल आता काय बोलायचंय ते," मी म्हणालो.



"मी कशाला बोलू? माझी बाईक त्या ट्रकच्या आड ट्रेलरवरच आहे; उतरवायला कुणी अनोळखी माणूस मिळतोय का, बघत सकाळपासून बसलोय."