औषध लावलेली स्प्रिंग

मल्हारीचं पत्र येऊन दिवाळी उलटली, तरी बापूसाहेबांनी उत्तर धाडलं नव्हतं. फोनवर त्यांची बोबडी वळते, हे ठाऊक असल्यानं मल्हारीनं दौंडहून मुद्दाम पत्र लिहवून घेतलं होतं. "काळजाची एक नस पार बंद होती. डाक्टरनं ती उघडून आत औषध लावलेली स्प्रिंग बसवली. आता औषध आतच हाय, तर वरनं ह्या रोजच्या गोळ्या कशाला? बंद करू का? तुम्ही वाचणारं माणूस. तुम्ही म्हणाल तसं."

उत्तर एका शब्दाचं होतं. नको. स्प्रिंगवरचं औषध नस पुन्हा चिंचोळी होऊ देत नाही; गोळ्या असतात त्या स्प्रिंगमध्ये रक्ताची गुठळी धरू नये म्हणून. मनानं सोडल्या तर जिवावर बेतायचं. हे सगळं बापूसाहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, लिहिलं आणि फाडलं. आपण सांगणारे कोण? चुकलो तर? आणखी एक पुस्तक बघू.

एका सकाळी मात्र ते भरल्या ताटावरून उठले. कधीकाळी न्हावरे गावच्या त्यांच्या रानात मल्हारीची मेंढरं खतासाठी बसायची. त्या माणसाचा जीव आपल्या एका ओळीपायी टांगलेला! त्यांनी दौंडची एसटी धरली.

मल्हारीच्या अंगणात बाज रिकामी होती. मल्हारीची बायको गीताबाई कांदा निवडत होत्या.

"वहिनी... मल्हारी?"

"मोटार चालू कराया गेल्यात रानात. बसा, बापूसाहेब."

"आणि गोळ्या?"

"खात्यात की! रोज कुरकुर करत्यात, पर खात्यात. 'बापूसाहेबांचं उत्तर आलं की बंद,' म्हणत्यात."

बापूसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलंच माझं. आत्ता लिहून देतो, गोळ्या अजिबात बंद करू नकोस म्हणून."

गीताबाईंच्या हातातला कांदा गळाला. "आवो बापूसाहेब, तसलं काय बी करू नगा! डाक्टरनं तेच सांगितलं, लेकानं तेच सांगितलं. 'नको' म्हणल त्याला सोडायचं आन् दुसऱ्याला इचारायचं, ही ह्यांची रीत. आता उत्तर यायचं ऱ्हायलंय ते एकट्या तुमचं. ते बी आलं, म्हंजी पारावर कुणीतरी 'व्हय' म्हणणारा गावंलच की! उठा बघू, च्या पुढच्या खेपंला. ते यायच्या आत निघा, न्हाईतर तोंडावर इचारत्याल."

बापूसाहेब घाईघाईनं निघाले ते थेट पोस्टात. कार्ड घेतलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एकही शब्द न खोडता मजकूर लिहिला:

'प्रिय मल्हारी, तुझा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अजून वाचतो आहे. माझं उत्तर येईपर्यंत गोळ्या चालू ठेव.'

आणि कार्ड पेटीत टाकलं.