एकचा गोळा

एक वाजायला पाच मिनिटं असताना एकवाजेंनी चाक फिरवून गोळा मनोऱ्यावर निम्मा चढवला, दोन मिनिटं असताना पार टोकाला. आता फक्त खटका ओढायचा. ठीक एकला गोळा खाली पडायचा आणि बंदरातली जहाजं त्यावर आपली घड्याळं लावायची. देशातला असा पहिला मनोरा, असं खाली पितळी पाटीवर लिहिलेलं आहे. पहिला सार्वजनिक नळ, पहिला रस्त्यावरचा दिवा. पाट्यांना या शहरात तोटा नाही. सगळं पहिल्यांदा इथंच झालं. दुसऱ्यांदा काही झालं का, ते मात्र विचारू नये.

एकतीस वर्षं हेच काम केल्यामुळं लोक त्यांना एकवाजे म्हणत. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

एक वाजला. खटक्यावरचा हात हलला नाही.

सकाळी बायको म्हणाली होती, "आज गोळा पडला की झोपते. फार दमले हो." डॉक्टरांनी आज-उद्याचं सांगितलं होतं. तिची खाट खिडकीशी होती, समोर मनोरा दिसायचा. ते रजा टाकायला निघाले, तर तिनंच हाकललं, "माझ्यापायी कामाला खाडा नको."

एक वाजून दहा. वीस. गोळा टोकाला तसाच. आता बंदराच्या कचेरीतून फोन येणार, साहेब खडसावणार, म्हणून एकवाजे वाट बघत राहिले. खाली एक जहाज निवांत धक्क्याला लागलं. कुणाचं काही अडलं नाही. एवढ्या मोठ्या शहरात गोळ्याकडे बघणारं एकच माणूस उरलंय, हे त्यांना आज कळलं.

फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, आई विचारतेय, आज एक वाजला नाही का?"

"नाही म्हणावं. अवकाश आहे अजून."

पलीकडे कुजबुज झाली. मग बायकोचाच खोल गेलेला आवाज आला. "अहो, एकतीस वर्षांत कधी उशीर केला नाहीत. आज माझ्यासाठी नका करू."

त्यांना डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात फोन, दुसरा खटक्यावर. त्यांनी खटका ओढला.

"पडला गं," ती मुलीला म्हणाली. "आता पडदा ओढून घे."