भुशातली पिन

नागभीडच्या धानगिरणीची न गंजणाऱ्या विलायती पोलादाची पिन सोमाजी लोहारानं दोनदा लालबुंद तापवून पाण्यात बुडवली, तरी मऊच राहिली. भाता ओढणारी त्याची बायको सुगंधाबाई म्हणाली, "हे पोलाद मंद आचेवर चार तासानं कडक होते, असं गिरणीवाल्यानं सांगतलं ना? मंग घाई काऊन करून राह्यले? माह्या चुलीतल्या धुमसत्या भुशात पुरा." "लोखंड हाये, खीर नाई!" सोमाजी खेकसला. धानाच्या भुशावर भात उशिरा शिजतो म्हणून तीस वर्षं तो भुशाला शिव्या घालत आला होता. पण पिनेवाचून गिरणी बंद, धानाच्या बैलगाड्या खोळंबलेल्या, गाडीवाले दारात बसलेले. नाइलाजानं पिन पुरली. चार तासांनी काढून कानस लावली, तर ती सर्रकन घसरली. पिनेवर ओरखडाही नाही! गाडीवाल्यांनी एकच गलका केला. सुगंधाबाई हसली, "भाताले उशीर होईन बरं." सोमाजीनं साऱ्यांना दटावलं, "होऊ दे! भुशाले कोनी काई बोलू नोका!"