स्वच्छ चित्र

"मावशी, हा वेबकॅम घ्या. स्वस्तात स्वस्त, आणि यात सुरकुत्या दिसत नाहीत," दुकानदार हसत म्हणाला. "दहा वर्षांनी तरुण व्हाल!"

"तरुण होऊन कुठं मिरवायचंय मला? सुरकुत्या दिसतील असा दाखव."

तिने एकेका वेबकॅमपुढे हात धरून पाहिला. मनगटावरच्या सलाइनच्या सुयांच्या काळ्यानिळ्या खुणा ज्यात उठून दिसल्या, तोच घेतला. थोडा महाग पडला, पण पडू दे. दुखणं तोंडाने सांगितलं असतं, तर दूरदेशीची लेक धावत आलीही असती. पण सांगितल्यावर आलेली लेक तिला नको होती, स्वतः बघून आलेली हवी होती.

संध्याकाळी कॉल लागला. आई उजेडात सरकून बसली. हनुवटीखाली तोच हात टेकवला.

"अगंबाई, किती बारीक झालीस! काय छान दिसतेस गं!" लेक हरखली. "आणि चित्र कसलं स्वच्छ आहे! अगदी समोर बसल्यासारखी वाटतेस. मग या सुट्टीत नाही आले, तर चालेल ना?"

आईने हळूच होकारार्थी मान डोलावली.

तेवढं मात्र लेकीला अगदी स्पष्ट दिसलं.