शेवटचे पाच लाल

कोळवणात सकाळीच वीज गेली आणि गौतमीच्या लॅपटॉपने मान टाकली. लढाईत कोणत्या बाजूचे किती उरतील हे आधीच सांगणारी तिची रीत खरी ठरते का, हे दुपारी गाईडसरांना कळवायचं होतं. ते चुकलं तर तीन वर्षांचा प्रबंध पाण्यात.

घरमालकीण तुळजाबाई देवापुढे लाखोलीचे तांदूळ मोजत होती. रोज हजार दाणे, एकाचीही चूक नाही.

"मावशी, माझी लढाई मोजून द्याल?"

पाटावर समोरासमोर दोन फौजा: शंभर पांढरे दाणे, ऐंशी कुंकवाने लाल केलेले. दर फेरीला दोन्ही बाजूंनी समोरच्यांच्या दहाव्या हिश्श्याइतके दाणे गमवायचे. लाल संपताना पांढरे साठाच्या आसपास उरले, तर गौतमीची रीत खरी.

"लई मारामारी लावलीस गं!" तुळजाबाई रंगात आली.

दहाव्या फेरीला पांढरे अठ्ठावन्न, लाल पाच. गौतमी आनंदाने गुडघ्यांवर उठलीच. "जमलं, मावशी! आता हे पाच गेले की झालं!"

तुळजाबाईने पाच उचलून ताटलीत टाकले. पाटावर लाल पाचच होते.

तिने पुन्हा पाच उचलले. पुन्हा पाच. ताटलीत लालांचा ढीग झाला.

"हे तर कुणालाच सापडलं नसेल!" गौतमी भराभरा आकडे लिहू लागली. "पांढरे किती?"

"चाळीस... न्हाई, एकोणचाळीस. गौतमे, तू पांढरे उचलू नगं, माजी मोजणी मोडतीया."

गौतमीच्या एका हातात वही होती, दुसऱ्यात पेन.

तुळजाबाईने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले आणि पाटाकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "अडतीस."