वाफ थांबेपर्यंत

"आली! लाइट आली!" गल्ली एकदम ओरडली. कुणी भांडी बडवली, कुणी रेडिओचा आवाज वाढवला. गप्प बसला तो एकटा एवेलिओ.

त्याच्याकडे लाइट होतीच. आली ती समोरच्या बाजूची. सांता क्लारातल्या त्या गल्लीची तऱ्हाच न्यारी. उजवीकडची घरं एका तारेवर, डावीकडची दुसरीवर. इकडे लाइट असली की तिकडे हमखास नाही. मग ज्यांच्याकडे असेल त्यांनी दार उघडं टाकायचं आणि समोरच्यांनी इस्त्री, मिक्सर, भाताचा कुकर घेऊन खुशाल आत शिरायचं. आज मात्र वायरमन खांबावरून उतरता उतरता म्हणाला, "आता अख्खी गल्ली एका तारेवर. येईल तर सगळ्यांची, जाईल तर सगळ्यांची."

समोरची मिग्दालिया यायची ती सँडविच मेकर काखोटीला मारून. दोघंही साठीपुढची, दोघंही एकटी. तिनेच त्याला शिकवलं होतं. लोणी पावाच्या बाहेरच्या अंगाला लावायचं. चीज आणि पेरूची वडी मधोमध ठेवायची, कडेला गेली की पाक ओघळून जळतो. यंत्र आधी चांगलं तापू द्यायचं. एवढं सगळं त्याला जमायचं, फक्त दम निघायचा नाही. तो मध्येच झाकण उघडायचा आणि पावाचा वरचा पापुद्रा झाकणाला चिकटून फाटायचा.

"अहो शेजारी, वाफ थांबेपर्यंत हात मांडीवर!"

"भूक लागलीय हो."

"भूक कसली, चुळबुळ आहे ती नुसती. या वयात!"

हे ऐकायला मिळावं म्हणून तो दिवसभर समोरची लाइट जायची वाट बघायचा. सगळं शहर वीज खात्याच्या नावाने बोटं मोडायचं, तेव्हा हा मनातल्या मनात त्यांचे आभार मानायचा. आता ती कशाला येईल? त्याला फार वाईट वाटलं. त्याने उठून दार लोटून घेतलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर मिग्दालिया. काखेत सँडविच मेकर, हातात पाव.

"दार कसलं लावून बसलात? माझी लाइट नाही आली."

"पण सगळ्यांची तर..."

"सगळ्यांची आली, माझी नाही आली. नशीब एकेकाचं!" त्याच्याकडे न बघताच तिने पिन सॉकेटात खोचली.

एवेलिओने पावाला लोणी लावलं, मधोमध चीज ठेवलं, पेरूची वडी ठेवली. झाकण लागलं. कडांमधून वाफ फुसफुसू लागली. त्याने सहज खिडकीबाहेर नजर टाकली, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"काय हो, आज चुळबुळ नाही?"

"घाई कुणाला आहे?" तो हसला. "तुमची लाइट कधी येईल म्हणता?"

"काही सांगता येत नाही." ती यंत्राकडेच बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते. "बिघाड मोठा दिसतोय. बरेच महिने लागतील."

"लागू देत."

मग तो उठला आणि एवढ्या उकाड्यात त्याने रस्त्याकडची खिडकी अलगद लावून घेतली. समोर मिग्दालियाच्या घरात पंखा गरागरा फिरत होता.